हत्तीवरची साखर

पूर्वीच्या काळी राज्याभिषेकाचे सोहळे लोक कसे साजरे करीत, असे विचारले की आमच्या मराठी मंडळींच्या डोळ्यांपुढे प्रथम हत्ती उभा राहतो. हत्तीवर अंबारी, अंबारीत साखरेच्या पराती, पुढे चौघडा, मागे भालदार-चोपदार आणि रस्त्याच्या दुतर्फा हात पसरून उभी असलेली रयत. ‘हत्तीवरून साखर वाटली’ हा प्रयोग आमच्या भाषेत इतका मुरला आहे की, सोहळा म्हणजे साखर आणि साखर म्हणजेच सोहळा, असे समीकरण आमच्या मनात कधी ठरून गेले हे आमचे आम्हांलाही कळलेले नाही. नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर येऊन पडलेल्या आम्हां लोकांत तर ते अधिकच पक्के झालेले दिसते.

२०२३ साली शिवराज्याभिषेकाच्या साडेतीनशेव्या वर्षास प्रारंभ झाला. तेव्हापासून उत्तरेकडील आमच्या पाहण्यातल्या मराठी मंडळांना ज्येष्ठ महिन्याची आठवण वेळेवर होऊ लागली आहे. ही गोष्ट चांगली आहे. परंतु त्या दिवशी प्रत्यक्ष घडते काय? एखादे सभागृह भाड्याने घेतले जाते. फेटे बांधणारा मिळाल्यास फेटे, न मिळाल्यास तयार फेटे येतात. ढोल-ताशा लागतो, तो पुण्याहून आणावा की ध्वनिमुद्रित वाजवावा यावर दोन बैठका होतात. सोहळा तिथीने करावा की ६ जूनच्या तारखेने, यावर तिसरी बैठक मोडते. कोणा सभासदाचा मुलगा शिवाजीमहाराज होऊन सोनेरी कागद चिकटवलेल्या खुर्चीवर बसतो, दोन भाषणे होतात, श्रीखंड-पुरीच्या पंगती उठतात आणि ‘या परक्या मुलखात आपण आपली अस्मिता टिकवली’ या समाधानात मंडळी घरोघर जातात. सभागृहाच्या दाराबाहेर ज्या गावात हे चालले आहे, त्या गावाला याचा पत्ताही नसतो. पहारेकऱ्याला मात्र एक पुरी मिळते.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. याला स्नेहसंमेलन म्हणावे, सहभोजन म्हणावे, आमची काही हरकत नाही. राज्याभिषेकाचा सोहळा म्हणू नये. राज्याभिषेक ही राजाने एकट्याने करायची गोष्ट कधीच नव्हती आणि राजाच्या जातभाईंनी दार लावून करायची गोष्ट तर मुळीच नव्हती. तो गावासमक्ष, मुलखासमक्ष, मित्रांसमक्ष आणि शत्रूंच्या वकिलांसमक्षही व्हावा लागे. पाहणारे नसतील तर राजा नाही, आणि पाहणाऱ्यांच्या पदरात दुसऱ्या दिवशी काही उरले नाही तर सोहळा नाही. साखर ही त्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर विरघळणारी वस्तू होती. आम्ही नेमकी तेवढीच उचलली.

आमच्या जुन्या ग्रंथांकडे पाहावे. अभिषेकाच्या पौराणिक विधीत चार वर्णांचे चार अमात्य चार दिशांनी उभे राहून राजावर अभिषेक करतात. एकाच्या हाती सोन्याचा कुंभ, दुसऱ्याच्या हाती चांदीचा, तिसऱ्याच्या हाती तांब्याचा आणि चौथ्याच्या हाती मातीचा. या मांडणीत उतरंड आहे, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. तरी मातीच्या कुंभावाचून अभिषेक पुरा होत नव्हता, ही गोष्टही तितकीच खरी आहे. कौटिल्याने तर व्यवहाराची भाषा केली आहे. नवा मुलूख हाती आला, युवराजास अभिषेक झाला किंवा राजास पुत्र झाला, की बंदिवानांना मोकळे करावे, असे अर्थशास्त्रात सांगितले आहे. म्हणजे सोहळ्याची वर्दी तुरुंगाच्या दारापर्यंत पोहोचली पाहिजे, हा नियम होता.

रायगडावर १६७४ च्या ज्येष्ठात जे झाले त्याची वर्णने आमच्या प्रत्येक भाषणात असतात. परंतु त्यांतला जो भाग आम्हां परमुलखात राहणाऱ्यांना सर्वांत जवळचा वाटावा तो बहुधा वगळला जातो. अभिषेकाचा विधी सिद्ध करणारे गागाभट्ट कोठून आले? काशीहून. त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. पिढ्यांपूर्वी ते काशीस जाऊन स्थायिक झाले आणि तेथील विद्वत्सभेत त्याने अग्रस्थान मिळवले. म्हणजे मराठ्यांच्या सिंहासनास शास्त्राचा आधार देणारा पुरुष हा आमच्यासारखाच बाहेर राहणारा मराठी होता. फरक एवढाच की, काशीत राहून त्याने काशीला आपले मोल पटवून दिले होते. त्याची विद्या गंगेकाठी मान्य झाली म्हणूनच ती सह्याद्रीवर कामी आली. तो काशीत आपल्यापुरते मंडळ काढून बसला असता, तर रायगडाला त्याचा उपयोग झाला नसता.

त्या दिवशी गडावर कोण होते तेही पाहावे. अष्टप्रधान आठ दिशांना उभे होते. मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तह घेऊन आला होता. गडाच्या अवघड वाटेने हत्ती वर कसे आणले असतील याचे त्याला नवल वाटले. आणि एक खाटीकही होता! इंग्रज वकिलाच्या मंडळींना तो मांस पुरवीत असे. इतकी वर्षे विकले नाही इतके मांस या थोड्या दिवसांत घेणारी माणसे आहेत तरी कशी, हे पाहण्यासाठी तो म्हातारा मुद्दाम गड चढून आला, अशी हकीकत फ्रायर नावाच्या इंग्रज प्रवाशाने नोंदवली आहे. आमच्या नाटकांत आणि मिरवणुकांत हा खाटीक कधी दिसला नाही. आम्हांला तो सोहळ्याचा खरा मानकरी वाटतो; राजधानीत समारंभ आहे आणि त्यात आपलाही संबंध आहे, असे त्याला वाटले म्हणून तो चढला.

साखर विरघळून गेल्यावर रायगडाने मागे काय ठेवले? ‘शिवछत्रपति’ अशी अक्षरे असलेले नाणे, जे बाजारातल्या शेवटच्या माणसाच्या हाती पडले. नवा शक, जो कागदोपत्री चालू झाला. राज्यव्यवहारकोश, ज्याने दरबारच्या भाषेला नवे शब्द दिले. आणि खर्चाचे म्हणाल, तर सिंहासनपट्टी या नावाने वतनदारांकडून वसुली झाल्याचे उल्लेख सापडतात. ज्याच्यापाशी होते त्याच्याकडून घेतले, हा त्यातला मुद्दा. आमची मंडळे नव्याने बदलून आलेल्या कनिष्ठ कारकुनाकडून आणि वरिष्ठ अधिकाऱ्याकडून सारखीच वर्गणी घेतात आणि व्यासपीठावर खुर्ची मात्र एकालाच देतात.

येथे कोणी म्हणेल की रायगड दूर आहे, काळही दूर आहे. आपण झांशीत राहतो, झांशीचे बोला. तर झांशीचेच बोलू. कारण राज्याभिषेकाचा खरा आणि खोटा सोहळा कोणता, याचा धडा झांशीइतका स्वच्छ दुसरीकडे क्वचितच मिळेल.

झांशीस नेवाळकरांचा अंमल असताना डिसेंबर १८३२ मध्ये गव्हर्नर-जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक येथे आला. दरबार भरला आणि त्या दरबारात रामचंद्ररावास किताब मिळाला: ‘महाराजाधिराज फिदवी बादशाह जमजाह इंग्लिस्तान’. अर्थ असा की, हा महाराजाधिराज इंग्लंडच्या वैभवशाली बादशहाचा एकनिष्ठ सेवक आहे. महाराजाधिराज आणि फिदवी हे दोन शब्द एका श्वासात उच्चारण्याचा प्रसंग यापूर्वी कोणा राजावर आला असेल तर आम्हांस ठाऊक नाही. इंग्रजांचे निशाण वापरण्याचीही परवानगी मिळाली. त्या काळाच्या समजुतीप्रमाणे झांशीच्या गादीचा याहून मोठा गौरव दुसरा झाला नसेल. तोफा झाल्या असतील, पानसुपारी झाली असेल. हत्तीवरून साखरही निघाली असेल.

या किताबाची किंमत बावीस वर्षांनी कळली. २० नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधररावांनी मृत्युशय्येवरून आनंदराव या बालकास इंग्रज अधिकाऱ्यांसमक्ष दत्तक घेतले आणि त्याचे नाव दामोदरराव ठेवले. दुसऱ्या दिवशी गंगाधरराव वारले. १८५४ च्या आरंभीच डलहौसीने दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा केले. त्याच्या मांडणीचा गाभा असा होता की, झांशीचे अधिपती हे मूळचे सार्वभौम राजे नव्हेत. दुसऱ्याच्या देणगीवर उभे असलेले ते सरदार आहेत, आणि देणगी देणारा ती परत घेऊ शकतो. दुसऱ्याने दिलेल्या मुकुटाचे असेच होते. दरबारात मिळालेले निशाण गादी राखण्यास कामी आले नाही. ज्या बालकास झांशीच्या गादीवर बसायचे होते त्या दामोदररावाचा राज्याभिषेक झालाच नाही. १९०६ साली इंदूरास त्याचे देहावसान झाले तेव्हा तो इंग्रजांच्या तुटपुंज्या पेन्शनवर जगणारा एक गृहस्थ होता.

म्हणजे आमच्या या गावाचा सर्वांत मोठा राज्याभिषेक हा न झालेला राज्याभिषेक आहे. झांशीत राहून राज्याभिषेकदिन साजरा करणाऱ्या मराठी माणसाच्या मनात ही गोष्ट एकदाही येऊ नये, याचे आम्हांला वाईट वाटते.

आणि तरी झांशीस राज्य झाले. ते कसे झाले हे पाहण्यासारखे आहे. खालसा झाल्यावर दामोदररावाची मुंज करायची होती. त्याच्या नावे सुमारे सहा लाख रुपये सरकारात अडकून होते. राणीने त्यातले एक लाख मागितले; तर मुलगा सज्ञान झाल्यावर त्याने दावा केल्यास रक्कम भरून देऊ अशी हमी देणारे जामीन आणा, असे सरकारने कळवले. झांशीच्या सावकारांनी जामीन दिला आणि मुंज झाली, असे चरित्रकार सांगतात. आमच्या मते झांशीतला राज्याभिषेकाचा पहिला कुंभ तो. येथील बाजारपेठेने, बुंदेलखंडाच्या पेढीवाल्यांनी, एका मराठी ब्राह्मण मुलाच्या मुंजीसाठी इंग्रज सरकारपुढे आपली सही केली. त्यांची मातृभाषा मराठी नव्हती.

पुढे जून १८५७ मध्ये छावणीतल्या शिपायांनी उठाव केला, इंग्रजांची कत्तल झाली, शिपाई दिल्लीकडे निघून गेले आणि निर्नायकी झालेले शहर राणीच्या पदरात पडले. सागर विभागाच्या इंग्रज कमिशनरनेही कारभार तिनेच पाहावा असे लिहिले. राज्य सुरू झाले ते दवंडीने. जग ईश्वराचे, मुलूख बादशहाचा, अंमल राणी लक्ष्मीबाईचा, अशा अर्थाची ती दवंडी होती. ना गागाभट्ट, ना सप्तनद्यांचे पाणी, ना सिंहासन. गल्लीगल्लीत डफ वाजला आणि लोकांनी ऐकले. ऐकणाऱ्यांत कोरी होते, काछी होते, पठाण होते, बुंदेले होते, मराठे होते. ऐकून त्यांनी जे केले तोच अभिषेक. गुलाम गौस खान तोफेवर उभा राहिला. त्याची कबर आजही किल्ल्यात आहे. कोरी समाजातल्या झलकारीबाईचे नाव येथल्या लोकस्मृतीने जपून ठेवले आहे. हे कोणत्या मंडळाचे सभासद होते?

मग राणीने साखर वाटली काय? वरसईचे विष्णुभट गोडसे त्या दिवसांत झांशीत होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये एक हकीकत आहे, ती आमच्या प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असावी. महालक्ष्मीच्या दर्शनाहून परतताना राणीला दरवाजाशी भिकाऱ्यांची गर्दी दिसली. चौकशी करता कळले की थंडीचा कडाका आहे आणि या लोकांच्या अंगावर वस्त्र नाही. तिने हुकूम केला: ठरल्या दिवशी शहरातल्या सर्व गरिबांना जमवावे आणि प्रत्येकास एक टोपी, एक बंडी आणि एक घोंगडी द्यावी. शहरातले शिंपी कामाला लागले. ज्या राणीला अभिषेक झाला नव्हता, जिच्या खजिन्यावर चोहोंकडून ओढ होती आणि जिच्या दाराशी युद्ध येऊन ठेपणार होते, तिने आपल्या राज्याची द्वाही अशी फिरवली. चैत्रात तिने हळदीकुंकू केले त्याचेही वर्णन गोडसे भटजींनी दिले आहे. आमचा मराठमोळा सण. परंतु तो किल्ल्यावर झाला आणि शहरातल्या स्त्रियांना त्याचे निमंत्रण गेले. सण आपला आणि अंगण गावाचे, अशी ही रीत होती. टोपी, बंडी आणि घोंगडी यांपुढे हत्तीवरची साखर फारच फिकी वाटते.

याच्या नेमके उलट चित्र दोन महिन्यांनी ग्वाल्हेरीस दिसले. १ जून १८५८ रोजी शिंद्यांची फौज फुटली, जयाजीराव आग्र्याकडे निघून गेले आणि राणी, तात्या टोपे व रावसाहेब यांच्या हाती ग्वाल्हेर आले. ३ जूनला फुलबागेत दरबार भरला. पेशवाईचे निशाण पुन्हा उभारले गेले, मानाची वस्त्रे दिली-घेतली गेली, तोफांच्या सलाम्या झाल्या आणि ब्राह्मणभोजनांच्या पंगती झडू लागल्या. त्या दरबारात शिपायांचा पगार चुकता झाला, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु ह्यू रोज चालून येत असता सिद्धता सोडून समारंभात दिवस दवडले जात आहेत, याबद्दल राणीने सरदारांची कानउघाडणी केली असे तिच्या चरित्रात आहे. १६ जूनला मोरार पडले. लगोलग कोटा-की-सरायच्या रणात राणी पडली. २० जूनला किल्लाही गेला. पेशवाईच्या त्या शेवटच्या सोहळ्याचे आयुष्य अवघे पंधरा-सतरा दिवसांचे. पंगत चांगली झाली असेल. आम्हां मराठ्यांचे पंगतीवरचे प्रेम जुने आहे आणि त्याची किंमतही आम्ही यापूर्वी चुकती केलेली आहे.

कोणी म्हणेल, हे युद्धकाळाचे दाखले झाले. शांततेच्या काळात सोहळ्यात बिघडते काय? त्याचेही दाखले आहेत. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस दरबार भरवून व्हिक्टोरियेस भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले. त्या वेळी दक्षिणेत दुष्काळाने माणसे मरत होती. त्या दरबारात पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, ते हातसुताच्या जाड्याभरड्या पोशाखात गेले आणि ब्रिटिश प्रजेस जे राजकीय हक्क आहेत तेच हिंदी प्रजेस मिळावेत, अशी सार्वजनिक सभेची मागणी घेऊन गेले. सोहळ्यास जावे तर असे जावे.

दुसरा दाखला आम्हां कचेरीतल्या लोकांस अधिक लागू आहे. १९०२ साली लंडनमध्ये सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक होता. २६ जूनचा मुहूर्त बादशहाच्या आजारपणामुळे टळला आणि समारंभ ९ ऑगस्टला झाला. येथून जे संस्थानिक त्यासाठी विलायतेस गेले त्यांत कोल्हापूरचे शाहू छत्रपती होते. ते विलायतेत असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर सरकारच्या गॅझेटात त्यांचा हुकूम प्रसिद्ध झाला की, यापुढे रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निदान शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांना द्याव्यात. लंडनच्या मिरवणुकीत कोण कोणत्या घोड्यावर होते हे आज कोणाच्या लक्षात नाही. त्या हुकमाचा प्रवाह मात्र आज आमच्या प्रत्येक सरकारी कचेरीतून वाहतो आहे. राज्याभिषेकाच्या सालात कोणी काय केले, हे विचारायचे तर असे विचारावे.

आता आमच्यावर जे आक्षेप येतील त्यांचा विचार करू.

पहिला आक्षेप: ‘आता राजे गेले, गणराज्य आले; राज्याभिषेकाचे कौतुक हवेच कशाला?’ आम्हांस हे मान्य नाही. राजे गेले तरी राज्य करणारे गेलेले नाहीत, आणि आम्ही नोकरशाहीतली माणसे त्यांच्याच पंक्तीला बसतो. सत्ता हाती घेताना लोकांसमक्ष काहीतरी कबूल करावे लागते, ही आठवण वर्षातून एकदा झाली तर बरे. फक्त ती आठवण आपल्याला टोचली पाहिजे. नुसती सुखावणारी नसावी.

दुसरा आक्षेप: ‘आम्ही तीन वर्षांनी बदलून जाणार. या गावाशी आमचे देणेघेणे काय?’ हा प्रश्न आम्ही अनेकदा ऐकला आहे आणि तो विचारणारे गृहस्थ पंधरा-पंधरा वर्षे त्याच गावी राहिलेले पाहिले आहेत. झांशीचे जंक्शन रेल्वेमुळे वाढले आणि रेल्वेच्या पाठोपाठ कितीतरी मराठी कुटुंबे येथे आली. कित्येकांच्या तीन-तीन पिढ्या येथेच गेल्या. बदलीच्या हुकमाची वाट पाहण्यात माणसाचे आयुष्य जाते आणि गाव मात्र शेजारी उभे राहून पाहत असते. उत्तरेकडे सखाराम गणेश देउस्करांचे उदाहरण आहे. हे मराठी गृहस्थ, जन्म देवघर परिसरातला. त्यांनी बंगालीत लिहिले, बंगालीत वाद घातले आणि १९०२ पासून कलकत्त्यात शिवाजी-उत्सव सुरू करून दिला. त्यांच्या ‘शिवाजीर दीक्षा’ या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी १९०४ साली शिवाजी-उत्सवावर कविता लिहिली. १९०६ साली टिळक त्या उत्सवास गेले तेव्हा तो बंगाल्यांचा उत्सव झालेला होता. शिवाजी बंगालात पोहोचला तो बंगालीतून पोहोचला. देउस्करांनी कलकत्त्यात फक्त मराठ्यांची पंगत घातली असती, तर रवींद्रनाथ तेथे काय करणार होते?

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे आणि म्हणून त्याला उत्तर देणे आवश्यक आहे: ‘आमची मुले हिंदी शाळांत, इंग्रजी शाळांत जातात. वर्षातून एक दिवस तरी त्यांच्या कानावर मराठी पडू द्या. तेथेही तुम्ही गाव बोलावले तर आमचे म्हणून उरेल काय?’ या चिंतेत दुःख आहे, ते आम्ही जाणतो. परंतु सोनेरी कागदाच्या खुर्चीवर बसून कोणाला मराठी आलेली नाही. मराठी टिकते ती घरी बोलल्याने आणि पुस्तक वाचल्याने. ज्या घरी ‘माझा प्रवास’ची प्रत नाही त्या घरी फेटा कितीही डौलदार बांधला तरी काय उपयोग? आणि हेही ऐकावे: गोडसे भटजींचे ते मराठी पुस्तक ‘आँखों देखा गदर’ या नावाने हिंदीत आणले ते लखनौच्या अमृतलाल नागरांनी. राणीवर सर्वश्रुत हिंदी कादंबरी लिहिली ती याच मुलखातल्या वृंदावनलाल वर्मांनी. राणीची गोष्ट उत्तर हिंदुस्थानच्या घराघरांत गेली ती सुभद्राकुमारी चौहानांच्या कवितेने, आणि तिचे श्रेय त्या कवयित्रीने बुंदेल्या हरबोलांना दिले आहे. १८९४ साली पारसनिसांनी मराठीत राणीचे चरित्र लिहून आमचे एक मोठे कर्तव्य बजावले, हे खरे. त्यानंतर या गावात राहून आम्ही काय भर घातली? आमच्या राणीला या लोकांनी सांभाळले आणि आम्ही त्यांना आमच्या सोहळ्याचे साधे आमंत्रण देत नाही.

या लोकांना राज्याभिषेक कळत नाही, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. झांशीपासून २० किलोमीटरांच्या आत ओरछा आहे. तेथे राम हा देव म्हणून नव्हे, तर राजा म्हणून नांदतो. आजही रामराजास सशस्त्र पोलीस सलामी देतात आणि ती पाहण्यास खेड्यापाड्यांतून माणसे येतात. राजवाडे ओस पडले, बुंदेल्यांची संस्थाने विलीन झाली. परंतु लोकांनी ज्याला राजा मानले त्याची गादी रिकामी झाली नाही. जो मुलूख इतकी शतके एक राज्याभिषेक जिवंत ठेवतो, त्याला आम्ही आमच्या सभागृहाच्या दाराबाहेर उभे करतो आणि आत जाऊन संस्कृतीवर भाषण करतो.

टीका करून मोकळे होणे सोपे आहे. म्हणून आमच्या सूचनाही नमूद करतो. अभिषेक हा पाण्याचा असतो. ज्येष्ठात बुंदेलखंड उन्हाने भाजून निघते आणि घोटभर पाण्याला किंमत येते. तेव्हा मंडळाने सभागृहाचे भाडे वाचवून त्या दिवसापासून पाऊस पडेपर्यंत स्टेशनच्या रस्त्यावर आणि महालक्ष्मीच्या वाटेवर पाणपोया चालवाव्यात. पाणी देणारी मुले आपली असावीत आणि पिणारे कोणीही असावेत. दुसरे असे की, समारंभ लक्ष्मीतालाच्या परिसरात, गंगाधररावांच्या छत्रीपाशी उघड्यावर, संध्याकाळी करावा. पुण्याहून ढोल आणणाऱ्या किती मंडळींनी ती छत्री एकदा तरी पाहिली आहे, हे त्यांनी आपल्या मनास विचारावे. तिसरे, त्या दिवशी मराठीतून एक आणि हिंदीतून एक, अशी दोन व्याख्याने व्हावीत. हिंदीतले आपल्यापैकी कोणी द्यावे आणि झांशीच्या इतिहासावर येथल्या कोणा जाणत्यास बोलवावे. चौथे, वर्गणी पगाराच्या मानाने घ्यावी. सिंहासनपट्टीचा तेवढा धडा गिरवण्यास हरकत नाही. पाचवे, थंडी पडली की त्याच शिलकेतून टोप्या, बंड्या आणि घोंगड्या घ्याव्यात. त्या वाटताना छायाचित्र काढू नये.

हे सारे केल्याने श्रीखंड कमी होईल, हे आम्ही मान्य करतो. अधिकाऱ्यांच्या काही पत्नींना आणि अधिकाऱ्यांना स्वतःलाही जून महिन्यात उघड्यावर बसणे रुचणार नाही. परंतु हे शहर ज्यांच्यामुळे आपल्याला आपले वाटते, त्या राणीने येथे याहून कडक उन्हाळा काढला आहे. २०२१ च्या अखेरीस येथल्या स्टेशनला तिचे नाव देण्याचे ठरले. गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला आता पाटीवर ते नाव दिसते आणि त्याची छाती फुगते. नाव वाचून छाती फुगणे आणि त्या नावाच्या गावाचा पाहुणा म्हणून पंधरा वर्षे राहून निघून जाणे, या दोन गोष्टी एकत्र नांदू नयेत, एवढेच आमचे मागणे आहे.

येत्या ज्येष्ठात तिथीने करा अथवा तारखेने करा. त्या वादात आम्ही पडत नाही. साखर वाटायची असेल तर तीही खुशाल वाटा. मात्र हत्तीवरून खाली उतरून वाटा, आणि पहिला हात शेजाऱ्याच्या दारापाशी न्या.